किशनशेठच्या लेथची पूजा

हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा बरं. नंतर ठसका लागला, सदऱ्यावर सांडला, तर मला बोल लावायचा नाही! कारण आज माझी फजिती सांगतोय. आणि फजिती तरी कशी? साधीसुधी नाही राव! धोतर नेसून, उपरणं पांघरून, कपाळाला गंध लावून, दहा-बारा माणसांचे नमस्कार घेत घेत झालेली फजिती!

तुम्ही नेहमी विचारता ना, "मोरूकाका, चिंचवडच्या जोश्यांच्या घरात सगळे भिक्षुक, मग तुम्हीच लेथवर कसे गेलात?" मी आपला आजवर ऐटीत सांगत आलो, "मला यंत्रांची आवड होती." होतीच हो, खोटं नाही. पण नुसत्या आवडीवर कुणी उभं तरी करतं का दारात?

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी जरा स्थिरस्थावर होत होती, रस्त्याकडेला एखाददुसरा कारखाना उभा राहत होता. बाकी सगळं माळरान! आमच्या चिंचवडला दिवेलागणीनंतर कोल्हे ओरडायचे. आता तिथे सिग्नलला उभं राहून तुमचे पाय दुखतात, पण तेव्हाचं हे असं होतं.

तर मी मॅट्रिक पास झालो. मॅट्रिक पास झालेला मुलगा म्हणजे आळीची सार्वजनिक मालमत्ता! जो तो ओसरीवर येऊन टेकणार, सुपारी कातरणार आणि माझं आयुष्य ठरवून जाणार.

"पोस्टात चिकटवा त्याला. सावलीतलं काम."

"छे! ट्रेनिंग कॉलेजात घाला. मास्तर झाला की उन्हाळ्याची सुट्टी."

शेजारच्या काकूंचं म्हणणं, डॉक्टरकडे कंपाउंडर होऊ दे. का? तर त्यांच्या गुडघ्याला चोळायचं औषध घरपोच मिळेल! आणि दूध घालायला येणारे वाल्हेकरतात्या म्हणायचे, "तलाठी करा वो. तलाठ्याला समदं गाव वचकून असतंय."

मला कुणी विचारलं का, "बाबा रे, तुला काय व्हायचंय?" नाव नको! विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला लेथवर काम करायचं होतं. माझे नानामामा खडकीच्या डेपोत कारकून होते. त्यांनी एकदा मला तिथल्या कारखान्यात नेलं होतं. तिथे लोखंडाचा दांडा गरागरा फिरत होता आणि हत्यार लागलं की त्याची साल निघत होती, बटाट्याची निघते तशी. लोखंडाची साल! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मामांनी दंडाला धरून ओढत बाहेर काढलं तेव्हा निघालो.

आणि आमच्या अण्णांचं मत? वडिलांचं मत नसतं हो, हुकूम असतो. अण्णांची सहा गावांत यजमानकी. सत्यनारायण, मुंजी, लग्नं, वास्तुशांती. माणूस मोठा व्यासंगी. आवाज असा की घाटावर बसून म्हणू लागले तर पैलतीरावरच्या बायका धुणं थांबवायच्या. त्यांचं एकच, की हे सगळं पुढे मोरूने चालवायचं.

आता मोरू काय चालवणार, कपाळ? लहानपणापासून अण्णा संथा द्यायला बसले की मी मागच्या दाराने पवनेच्या पाण्यात! मांडी घालून बसलं की माझ्या पायाला मुंग्या यायच्या आणि डोळ्यांवर झापड. मुंज झाली म्हणून संध्येतली चार नावं तेवढी येत होती. तीही चालत चालत म्हटली तर!

निकालानंतर आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि मग अबोला. आमच्या घरातला अबोला म्हणजे आईचे हाल.

अण्णा पानावरून म्हणणार, "त्याला सांग, सोमवारपासून माझ्याबरोबर यायचं. नाहीतर सोमवारच्या आत नोकरी आणून दाखव म्हणावं."

मी त्यांच्या शेजारच्याच पाटावर! मी म्हणणार, "त्यांना सांग, दाखवतो."

"मी काय तारमास्तर आहे का रे?" आई पोळी उलटत ओरडली. "एका हाताच्या अंतरावर बसलाय, तोंडाने बोला की!"

पण बोलतोय कोण? दोघेही जोशी!

आता सोमवारच्या आत नोकरी आणायची म्हणजे काय खायची गोष्ट आहे? मी धावलो नानामामांकडे. मामा म्हणजे सल्ल्याचं आगर. म्हणाले, "पिंपरीला किशनशेठ म्हणून एक सिंधी शेठ आहे. नवीन वर्कशॉप टाकतोय. मी त्याच्या मिस्त्रीकडे निरोप ठेवलाय, चिंचवडच्या जोश्यांचा मुलगा येईल म्हणून. शुक्रवारी सकाळी जा. पण एक लक्षात ठेव मोरू. साहेब लोक उमेदवाराला काहीही विचारतात, काहीही करायला सांगतात. हिंमत बघतात ते! 'नाही' हा शब्द तोंडातून गेला की संपलं. येतं का? येतं. जमेल का? जमेल. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. तिथेच माझं वाटोळं झालं.

आता कपड्यांचं बघा. माझ्याकडे होत्या शाळेच्या दोन खाकी अर्ध्या चड्ड्या. नोकरी मागायला गुडघे दाखवत कसं जायचं? आईने अण्णांचं धुतलेलं धोतर काढलं, उपरणं काढलं. मोरयाच्या देवळातलं गंध कपाळाला लावलं. गुणपत्रिका एका कापडी पिशवीत घातली आणि वर हातात नारळ दिला.

"नारळ कशाला गं?"

"मोठ्या माणसाच्या दारी पहिल्यांदा जातोयस. रिकाम्या हाताने जाऊ नये."

बघा आता तुम्हीच. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, धोतर, उपरणं, गंध, शेंडी, काखेत पिशवी, हातात नारळ. तुम्हाला कोण दिसतंय? दिसतंय ना? सगळ्या जगाला दिसलं असतं. फक्त मला दिसलं नाही, कारण घरातला एकुलता एक आरसा अण्णांच्या खोलीत आणि आमचा अबोला!

अण्णा त्या दिवशी पहाटेच आकुर्डीला एका वास्तुशांतीसाठी गेले होते. तिथून पुढे कुठे जाणार होते ते मला ठाऊक नव्हतं. विचारणार कसं? आणि त्यांना तरी मी कुठे निघालोय ते कोण सांगणार?

चालत चालत पिंपरीला पोचलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याची नवी कोरी शेड. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, झेंडूच्या माळा, पुढे रांगोळी. मी मनात म्हटलं, वा! शेठ हौशी दिसतोय. रोज एवढी सजावट करतो!

दारात मिस्त्री उभे होते. इस्माइलभाई. उंचपुरे, मेंदी लावलेली दाढी, माणूस इथलाच, चाकणकडचा. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चिंचवडहून आला व्हय?"

"हो."

"जोश्यांकडून?"

"हो, हो!"

"आवो, कवाधरनं वाट बघतोय राव! या, या. शेठ! आले बरं का!"

अहाहा! मामांचा शब्द म्हणजे शब्द! एवढं स्वागत तर आमच्या हेडमास्तरांनी इन्स्पेक्टरसाहेबांचंही केलं नसेल. एकाने माझ्या पायांवर पाणी घातलं. दुसऱ्याने वहाणा उचलून नीट कडेला ठेवल्या. दोघांनी वाकून नमस्कार केला. मला वाटलं, कारखान्यात मॅट्रिकला फारच मान दिसतो!

किशनशेठ हात जोडून पुढे आले. गोरे, गोल, घामाघूम. "आइए महाराज, आइए! उमर में तो बहुत छोटे लगते हो?"

"मॅट्रिक झालोय," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"मॅट्रिक! वाह! इस्माइल, आजकल इस लाइन में भी मॅट्रिक आते हैं?"

"येत असतील, शेठ," इस्माइलभाई म्हणाले.

"अकेले कर लोगे?"

नाही म्हणायचं नाही! "करीन की!"

"टाइम कितना लगेगा?"

मला वाटलं, काम शिकायला किती वेळ लागेल ते विचारतायत. मामा म्हणाले होते, लेथवरचा टर्नर व्हायला दोन वर्षं लागतात. मी म्हटलं, "दोन वर्षं."

शेठ मटकन खुर्चीवर बसले. "दो साल?"

मी घाबरलो. जास्त सांगितलं वाटतं! म्हटलं, "बरं, दीड वर्षात जमवतो."

इस्माइलभाई खो खो हसायला लागले. "लई गमतीचे दिसतात हे! शेठ, मस्करी करत्यात. ओ, तासाभरात उरका. मुहूर्त टळायला नको."

तासाभरात? लेथचं काम? पण मामांनी सांगितलंच होतं ना, हिंमत बघतात म्हणून! म्हटलं, "उरकतो."

"पहले क्या करोगे?" शेठनी विचारलं.

हे मला येत होतं! खडकीला बघितलं होतं. "आधी सगळं स्वच्छ पुसून घेणार. मग तेल."

"तेल तयार आहे," इस्माइलभाई म्हणाले. "तिळाचं आणलंय."

लेथला तिळाचं तेल? मी क्षणभर चाचरलो. पण म्हटलं सापळा असणार. आपण नाही म्हणायचं नाही. "चालेल," मी म्हटलं. "उत्तम!"

मग मला आत नेलं.

आता काय वर्णन करू! मधोमध लेथ. हिरव्या रंगाचा, चकचकीत. त्याच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट. वरून हार. अंगावर कुंकवाचं स्वस्तिक. पुढे चौरंग, कलश, समई, पंचामृताच्या वाट्या, फुलांची परडी. एका बाजूला दोन पाट, एकावर शेठच्या पत्नी, सगळ्यांच्या भाभी, बसलेल्या, रेशमी साडी नेसून. शेठ जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि कुणीतरी दोघांच्या पदराची गाठ मारली. समोर तिसरा पाट होता, रिकामा. सगळे कामगार हात जोडून उभे.

"बसा, गुरुजी," इस्माइलभाई म्हणाले.

गुरुजी!

सगळं एकदम डोक्यात शिरलं. ते पाय धुणं, ते नमस्कार, ते तिळाचं तेल. ज्या भिक्षुकीतून सुटायला आलो होतो, तीच माझी वाट बघत पाट मांडून बसली होती!

मी म्हटलं, झालं तेवढं पुरे. खरं सांगून टाकू. तोंड उघडलं, "शेठजी, मी..."

तेवढ्यात भाभी बोलल्या. हळू आवाजात. त्यांचे डोळे भरले होते. "महाराज, कराची में सब छोड़ के आए. घर, दुकान, सब. ये हमारी पहली मशीन है. अच्छे से करना."

सांगा, काय करणार होतो मी? तुम्ही असता तर तुम्ही काय केलं असतं? मी मुकाट्याने पाटावर बसलो आणि मांडी घातली.

दहा-पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी पळीभर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि सुरू केलं, "केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, गोविंदाय नमः..." पुढे? पुढचं काही आठवेना. चालत म्हटलं असतं तर आठवलं असतं, पण पूजेत उठून फेऱ्या मारल्या तर बरं दिसतं का? घाम फुटला. आणि त्या भीतीत तोंडातून आपोआप निघालं काय, तर मॅट्रिकला संस्कृतच्या मास्तरांनी छडी मारून मारून पाठ करून घेतलेलं!

"रामः रामौ रामाः! रामं रामौ रामान्! रामेण रामाभ्यां रामैः!"

शेठनी भक्तिभावाने मान डोलावली. "राम राम राम! कितना नाम लेते हैं भगवान का!"

झालं! मला धीर आला. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की शाळेतलं व्याकरण लिहिणारा माणूस किती पुण्यवान असला पाहिजे. राम संपला की हरि! "हरिः हरी हरयः!" भाभींनी हात जोडले. हरि संपला की गुरु! "गुरुः गुरू गुरवः!" इस्माइलभाईंनीसुद्धा मान लववली. दूर्वेने पाणी शिंपडायची वेळ आली तेव्हा "नदी नद्यौ नद्यः!" फुलं वाहताना "माला माले मालाः!" राव, मी रंगात आलो! आवाज चढवला. मधूनच घंटा वाजवली. लेथला पंचामृत घातलं, तेही थेट दातेरी चाकांवर. मिस्त्री "हां, हां, हां!" करत फडकं घेऊन धावले. मी डोळे वटारून त्यांना मागे बसवलं. गुरुजी होतो ना मी!

पण शाळेतली रूपं ती किती पुरणार? सगळी संपली. शेवट तर दणक्यात व्हायला हवा. शेवटी मोठ्याने म्हणतात ते काय बरं असतं? अण्णांबरोबर लग्नांना जाऊन जेवत आलो होतो, त्यातलं एकच वाक्य पक्कं ठाऊक होतं. मी दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"शुभमंगल सावधान!"

आता मराठी माणूस हे ऐकल्यावर काय करतो? विचार करतो का? छे! हात आपोआप उठतो. कामगारांच्या मुठीत फुलं, तांदूळ, जे होतं ते सगळं भर्रकन लेथवर पडलं. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. एकजण तर सवयीने जेवणाची पंगत कुठे बसलीय ते बघायला मागे वळला.

मागे वळला आणि बाजूला झाला. दारात अण्णा उभे होते, केव्हापासून ऐकत होते देव जाणे.

घामाने निथळत, काखेत पोथीची पिशवी, आकुर्डीहून धावतपळत आलेले. किशनशेठनी पूजेला बोलावलेले चिंचवडचे जोशीगुरुजी म्हणजे आमचे अण्णाच होते हो! आकुर्डीच्या यजमानांनी लवकर सोडलं नाही म्हणून उशीर झाला. आणि इथे येऊन बघतात तर काय? पाटावर त्यांचा मुलगा, अंगावर त्यांचंच धोतर, आणि हा मुलगा एका लोखंडी यंत्राचं लग्न लावतोय!

मी मेलोच. खरंच सांगतो, पाय उचलेनात. एक तर मुंग्या आलेल्या, त्यात भीती!

"आप कौन?" शेठनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग लेथकडे. मग पंचामृताने माखलेल्या चाकांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. इतकी वर्षं झाली, पण ती नजर आठवली की अजून माझी मांडी आपोआप सुटते. आता हे काय बोलणार? मला लबाड म्हणणार, शेठ मला पोलिसात देणार, नोकरी तर गेलीच!

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी याचा बाप. मला उशीर होणार होता. मुलगा पुढे आला. आता पुढची पूजा मी सांगतो." आणि मला हळूच कोपराने ढोसून म्हणाले, "ऊठ."

महिनाभरानंतर माझ्याशी थेट बोललेला पहिला शब्द! मला रडूच आलं. ऊठ म्हणाले, पण पाय बधिर झालेले. मी सरपटत बाजूला झालो. लोकांना वाटलं, वडिलांना जागा देताना किती ही नम्रता!

मग अण्णांनी पूजा केली. त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा आवाज असा घुमला की कामगार श्वास रोखून ऐकत राहिले. भाभी डोळे पुसत होत्या. मुहूर्तावर नारळ फुटला, माझाच नारळ, आणि इस्माइलभाईंनी पट्टा चढवून लेथ सुरू केला. दांडा गरागरा फिरला, हत्यार टेकलं आणि लोखंडाची चकचकीत साल सुटून खाली लोंबायला लागली. मी सगळं विसरलो. पुढे सरकलो, मान वाकवून, तोंड उघडं टाकून बघत राहिलो. अण्णा माझ्याकडे बघत होते, ते मला नंतर कळलं.

प्रसाद झाला. आता पळावं म्हणून मी पिशवी उचलली, तर अण्णा शेठना म्हणाले, "शेठजी, एक मागणं आहे. हा माझा मुलगा. याला तुमच्या कारखान्यात काम शिकायला ठेवून घ्या."

मी बघतच राहिलो! माझे अण्णा? हे म्हणतायत?

पण पुढे ऐका. किशनशेठनी दोन्ही कान पकडले. "राम राम! इतना विद्वान लड़का! इसके हाथ तेल में डलवाऊँ? पाप लगेगा महाराज! मैं तो कहता हूँ, हर अमावस को यही आके पूजा करे."

घ्या! आत्ता आली का पंचाईत? पूजा फसली असती तर नोकरी गेली असती, आणि पूजा फारच छान झाली म्हणूनही नोकरी चालली! वर दर अमावास्येला पाट मांडून ठेवणार! मी केविलवाणा होऊन अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी दीर्घ श्वास घेतला. "शेठजी, खोटं बोलवत नाही. माझ्या आधी हा जे म्हणत होता, ते मंत्र नव्हते."

"फिर क्या था?"

"शाळेतला अभ्यास. राम शब्द कसा चालवायचा, नदी शब्द कसा चालवायचा, तो. हा पूजेला आलाच नव्हता. हा नोकरी मागायला आला होता."

मी पिशवीतून गुणपत्रिका काढून पुढे धरली.

"और वो लास्ट में? सावधान?"

अण्णांनी डोळे मिटले. "ते लग्नाचं. याने तुमच्या यंत्राचं लग्न लावलं."

भाभींनी घाबरून विचारलं, "मशीन को कुछ होगा तो नहीं?"

"काही नाही, ताई," अण्णा म्हणाले. "मी केलेली पूजा पुरी आणि खरी. त्याचं सोडून द्या."

तेवढ्यात इस्माइलभाईंचं हसू फुटलं. ते दाढी धरून, भिंतीला टेकून हसत होते. "तरीच दोन वर्षं म्हणत व्हता! शेठ, पण अक्षता तर पडल्या. आता नवरा कोण त्ये ठरवा, न्हाईतर नवरी अशीच ऱ्हायची!"

भाभींनी ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही हसायला लागल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "और कौन? इसीने शादी कराई, यही सँभाले!"

मग शेठ हसले. पोट धरून हसले. डोळे पुसत त्यांनी अण्णांना पुन्हा पुन्हा विचारलं, "पक्का? पंडित नहीं है? थोड़ा भी नहीं?"

"शपथेवर सांगतो," अण्णा म्हणाले. "तसूभरही नाही."

"तो फिर ठीक है! सोमवार से आ जा."

अशी लागली बरं मला नोकरी! लोकांना शिफारस लागते ती अंगच्या गुणांची. माझी शिफारस माझ्या बापाने केली, ती अशी!

परतीच्या वाटेवर अण्णा पुढे, मी मागे. चिंचवडचं देऊळ दिसायला लागलं तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, रागावलात?"

ते थांबले. वळून बघितलं. आणि एकदम हसत सुटले. एवढा धीरगंभीर माणूस, पण भर रस्त्यात उपरण्यात तोंड खुपसून हसत होता. "रागावू? अरे, सुटलो मी! सोमवारी तुला देहूला पाटलांच्या लग्नात उभा करणार होतो. तिथे नवरानवरीला 'नदी नद्यौ' ऐकवलं असतंस म्हणजे?"

मीही हसायला लागलो. एवढं हलकं मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं. बापलेक हसत हसत घरी आलो. आई दारातच उभी होती. आम्हाला एकत्र बघून तिने पदर तोंडाला लावला. आम्ही तोंडाने बोलतोय हेच तिला खरं वाटेना.

अण्णा ओसरीवरूनच, साऱ्या आळीला ऐकू जाईल असे, गरजले, "अगं, आधी देवापुढे साखर ठेव!"

आईने हात जोडले. "लागली का हो नोकरी मोरूला?"

"ती लागलीच," अण्णा म्हणाले, "पण साखर त्याची नाही. हा भिक्षुक होत नाहीये, त्याची ठेव!"